तेच पाप पुन्हा पुन्हा: सुटकेची रीत

बहुतेक विश्वासणाऱ्यांची लढाई मोहाच्या त्या दोन मिनिटांत चालते. दातओठ खाऊन "नाही, नाही" म्हणायचं, कधी जिंकायचं, बऱ्याचदा हरायचं, मग रविवारच्या उपासनेत डोळे पुसत क्षमा मागायची आणि गुरुवारी पुन्हा तिथंच येऊन पोचायचं. अशा माणसाला वाटतं की आपला विश्वास कमी पडतो. खरं तर त्यानं लढायची जागा चुकीची निवडलेली असते. त्या दोन मिनिटांत हाती फार थोडं उरतं. काम होतं ते त्याआधीच्या काही तासांत आणि पडल्यानंतरच्या पहिल्या तासात.

आधी पायाखालची जमीन

रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल तीन क्रियापदं ठरावीक क्रमानं वापरतो: जाणा, माना, समर्पण करा. ख्रिस्ताबरोबर आपला जुना मनुष्य वधस्तंभावर खिळला गेला हे जाणा. आपण पापाला मेलेले आणि देवासाठी जिवंत आहोत असं माना. मग आपले अवयव नीतीची साधनं म्हणून देवाला समर्पण करा. पुष्कळ जण थेट तिसऱ्या पायरीवर उडी मारतात. हात, डोळे, जीभ आवरायला बघतात, पण मनात अजून "मी सुधारलो तर देव मला जवळ करील" हाच हिशेब चालू असतो. नीतिमान ठरवलं जाणं आणि पवित्र होत जाणं या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या की हे असं होतं. पहिली ख्रिस्ताच्या कृत्यामुळे, विश्वासानं, एकदाच होते. दुसरी आयुष्यभर चालते. पहिली दुसरीवर अवलंबून ठेवली, तर प्रत्येक पडण्यानंतर माणूस देवासमोर जायला घाबरतो, आठ-दहा दिवस प्रार्थना टाळतो, आणि त्या आठ-दहा दिवसांत पाप आणखी दोनदा होतं.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. त्यानंतर आठेक वर्षांनी त्यांना उमगलं की ख्रिस्ती धर्म सापडला, पण त्या धर्माचं जीवन असलेला ख्रिस्त अजून सापडलेला नाही. हे त्यांनी स्वतःच्या साक्षीत लिहून ठेवलं आहे. संस्कृतात पारंगत असलेल्या, शास्त्र कोळून प्यालेल्या बाईला जर आठ वर्षं लागली, तर पिढीजात ख्रिस्ती घरात जन्मलेल्यानं हा प्रश्न स्वतःला विचारण्यात कमीपणा नाही: मी ख्रिस्तावर भरवसा टाकला आहे, की फक्त ख्रिस्ती रीतिरिवाज पाळतो? उत्तर डळमळीत असेल तर पुढचं सगळं बाजूला ठेवून पाळकांशी किंवा जाणत्या विश्वासणाऱ्याशी याच एका गोष्टीवर बोला. आतमध्ये पवित्र आत्मा नसताना केलेली सुधारणा म्हणजे ओल धरलेल्या भिंतीवर चुना.

पापाचं नाव घ्या, एकाच पापाचं

"प्रभू, मी पापी आहे, माझ्या सर्व पापांची क्षमा कर" ही प्रार्थना खरी असली तरी लढाईत तिचा उपयोग होत नाही. सर्व पापांशी एकदम लढणारा कुठल्याच पापाशी लढत नसतो. एक निवडा. कोणतं? जे तुम्ही सगळ्यात जास्त लपवता ते. लपवण्यासारखं काही सुचत नसेल तर घरातल्यांना विचारा: "माझ्या कोणत्या गोष्टीचा तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास होतो?" बायको, नवरा किंवा मोठी झालेली मुलं क्षणात सांगतील. त्यांनी सांगितल्यावर वाद घालायचा नाही, एवढीच अट.

मग त्याचं नाव शास्त्रात आहे तसं लिहा. आपण पापांना लाडाची नावं ठेवतो. "जरा चिडचिड होते" याचं नाव क्रोध. "ऑफिसात सगळेच बिल वाढवून लावतात" याचं नाव चोरी. "त्या ताईसाठी प्रार्थना करा, तिच्या घरी काय चाललंय माहीत आहे ना?" असा मेसेज मंडळीच्या (चर्चच्या) व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेला की त्याचं नाव चहाडी, प्रार्थनेची विनंती हे तिचं रविवारचं लुगडं. आपल्याकडे पाप म्हटलं की दारू, सिगारेट आणि व्यभिचार एवढंच डोळ्यांपुढे येतं. गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातली देहाच्या कर्मांची यादी नीट वाचा. निम्मी यादी वैर, कलह, मत्सर, राग, तट, फूट अशा गोष्टींनी भरलेली आहे. दारूला कधीही न शिवलेला माणूस मंडळीच्या कमिटीत या यादीतली सहा पापं एका बैठकीत करू शकतो.

चौदा दिवसांची वही

नाव घेतल्यावर लगेच बदलायला धावू नका. दोन आठवडे फक्त नोंद ठेवा. शंभर पानी वही पुरते. फोनमध्ये लिहिलं तर कुणी बघेल या भीतीनं खोटं लिहिलं जातं, म्हणून कागद बरा, आणि लागलं तर स्वतःची सांकेतिक अक्षरं वापरा. दर वेळी पडलात किंवा पडता पडता वाचलात की पाच गोष्टी टिपा: वाजले किती, कुठे होतात, त्याआधीच्या तासात काय घडलं, शरीर कसं होतं (भूक, जागरण, थकवा, एकटेपणा), आणि मनात कोणतं वाक्य चाललं होतं.

ते शेवटचं वाक्य पकडणं अवघड असतं, पण सगळ्यात मोलाचं तेच. "दिवसभर राबलो, एवढं तर मला हवंच." "मी नाही ओरडलो तर घरात कुणी ऐकत नाही." "देव दुसऱ्यांना देतो, मला देत नाही." प्रत्येक पापाच्या मुळाशी देवाविषयी किंवा स्वतःविषयी असं एक खोटं वाक्य असतं. याकोब आपल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात म्हणतो की माणूस आपल्याच वासनेनं ओढला जातो, भुलवला जातो. मग वासना गर्भवती होऊन पापाला जन्म देते. ओढणारा सैतान नेहमी बाहेरच शोधणाऱ्यांनी ती वचनं दोनदा वाचावीत.

चौदा दिवसांनी नोंदी एकत्र बघितल्या की साखळी दिसते. यहोशवाच्या सातव्या अध्यायात यरीहोच्या लुटीतून चोरी करणाऱ्या आखानानं आपली कबुली चार क्रियापदांत दिली: पाहिलं, लोभ धरला, घेतलं, लपवलं. शिनारचा एक सुंदर झगा, २०० शेकेल चांदी आणि ५० शेकेल वजनाची सोन्याची वीट. दावीद राजाची साखळी याहून लांब आहे. राजे लढाईवर जातात त्या दिवसांत तो यरुशलेमात राहिला. संध्याकाळी पलंगावरून उठून गच्चीवर फिरू लागला. बाई दिसली. तिची चौकशी केली. ती उरीयाची बायको बथशेबा आहे असं उत्तर आलं, म्हणजे इथं देवानं उघड उघड दार लावलं होतं. तरी त्यानं माणसं पाठवली. आपण दाविदाला गच्चीवर पकडतो. त्याची चूक मात्र घरी राहण्यापासून सुरू झाली होती.

तुमच्या वहीतली साखळी अशीच मांडा आणि ज्या कडीवर तुम्हाला अजून शांतपणे दुसरं काही करता आलं असतं, त्या सगळ्यात आधीच्या कडीवर गोल करा. रात्री साडेअकराला फोनवर अश्लील चित्रफिती बघणाऱ्याची ती कडी साडेअकराची क्वचितच असते. ती बहुधा साडेनऊची असते, जेव्हा जेवणानंतर बायकोशी अबोला धरून तो फोन घेऊन दुसऱ्या खोलीत गेला.

तरतूद बंद करा

रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायाच्या शेवटी पौल म्हणतो, देहवासना तृप्त करण्यासाठी तरतूद करू नका. तरतूद हा शब्द आपल्याला बजेटमधून चांगला ठाऊक आहे: पुढच्या खर्चासाठी आधीच बाजूला काढून ठेवलेली रक्कम. पापासाठीही आपण अशीच तरतूद ठेवतो. डिलीट केलेला नंबर दुसऱ्या नावानं कुठेतरी लिहिलेला असतो. बाटली टाकलेली नसते, कपाटाच्या मागं सरकवलेली असते. उजवा डोळा उपटून टाका, उजवा हात तोडून टाका, असं प्रभूनं डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलं ते या तरतुदीविषयी. अंग कापायला त्यानं सांगितलेलं नाही, कारण आंधळा माणूसही वासनेनं जळू शकतो; पण वाट तोडायची ती दुखेल इतकी तोडायची, हे त्यानं स्पष्ट केलं.

फोनची वाट तोडायची तर: रात्री साडेनऊनंतर फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला, झोपायच्या खोलीत नाही. गजरासाठी साधं घड्याळ आणा, नाहीतर "गजर लावायचा आहे" या कारणानं तिसऱ्या दिवशी फोन उशाशी परत येतो. अडथळा घालणारं अ‍ॅप टाकलं तर त्याचा पासवर्ड दुसऱ्या माणसानं ठेवावा. स्वतःच्या हातात पासवर्ड असलेलं कुलूप म्हणजे चावी लावूनच ठेवलेलं कुलूप. जुन्या फायली काढल्यावर ट्रॅशचा फोल्डरही रिकामा करा, कारण तिथं त्या पुष्कळ दिवस पडून राहतात.

दारूसाठी, कामावरून घरी यायचा रस्ता बदला, दहा मिनिटं जास्त लागली तरी चालेल, आणि पगाराच्या दिवशी एकट्यानं येऊ नका. पैशाच्या मोहासाठी, मंडळीची किंवा बचत गटाची रोकड एकट्याच्या ताब्यात ठेवणं थांबवा; दान दोघांनी मोजावं, दोघांनी सही करावी, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी बँकेत भरावं. हा नियम प्रामाणिक खजिनदाराच्याही भल्याचा आहे.

रागाची वाट जरा वेगळी. राग येणारं घर सोडून जाता येत नाही. तिथं नियम असा करा: आवाज चढतोय असं वाटताच "वीस मिनिटांनी बोलू" एवढंच म्हणून उठा, बाहेर चाला, आणि वीस मिनिटांनी खरोखर परत या. परत येणं चुकवलं की समोरचा याला अबोलाच समजतो, आणि बरोबर समजतो. सूर्य मावळेपर्यंत राग राहू देऊ नका या वचनाचा अर्थ रात्री अकरा वाजता जबरदस्तीनं समेट घडवणं असा घेऊ नये. थकलेल्या माणसांचा समेट बहुधा दुसरं भांडण होतो. रात्री "मी चुकलो, उद्या सकाळी चहाला बसून बोलू" एवढं म्हणणंही त्या वचनात बसतं.

पळायचं कधी आणि उभं राहायचं कधी, हेही शास्त्र सांगतं. जारकर्म, मूर्तिपूजा आणि तारुण्यातल्या वासना यांच्याबाबतीत शब्द आहे: पळा. योसेफानं आपला मालक पोटीफर याच्या बायकोशी धर्मचर्चा केली नाही. ती रोज बोलत राहिली, तो तिच्याजवळ राहायचंही टाळत राहिला, आणि शेवटी वस्त्र तिच्या हातात सोडून पळाला. निराशा, भीती, सैतानाचे आरोप यांपुढे मात्र उभं राहायचं आहे. गल्लत अशी होते की माणूस वासनेपुढे छाती काढून उभा राहतो आणि आरोपापुढे पळतो.

रिकामं घर

आता जिथं बहुतेकांचं गाडं अडतं तो भाग. पाप सोडलं, जागा रिकामी झाली, आणि त्या जागी काहीच ठेवलं नाही. मत्तयाच्या बाराव्या अध्यायात प्रभू सांगतो की अशुद्ध आत्मा निघून गेलेलं घर झाडलेलं, सुशोभित आणि रिकामं होतं. मग तो आपल्याहून वाईट असे सात घेऊन परतला. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या, चाळीस दिवसांत मटण, टीव्ही, सिगारेट सोडणारे पुष्कळ आहेत. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी ते सगळं दुप्पट परत येतं, कारण चाळीस दिवस त्यांनी फक्त वाट पाहिली.

इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायाची दुसरी अर्धी बाजू, २२ ते ३२ वचनं, हे या कामाचं हस्तपुस्तक समजा. जुना मनुष्य काढून टाका, नवा धारण करा, असं म्हणून पौल प्रत्येक पापासाठी बदली सांगतो, आणि बदलीचं कारणही. चोरी करणाऱ्यानं चोरी थांबवली म्हणजे तो बदलला असं नाही. तो कदाचित दोन कामांच्या मधल्या सुट्टीवर असेल. त्यानं आपल्या हातांनी कष्ट करावे, आणि गरजवंताला देण्यासाठी आपल्याजवळ काही ठेवावं. घेणारा हात देणारा झाला तिथं चोर संपला.

हीच रीत तुमच्या पापाला लावा. खोटं बोलणाऱ्यानं खोटं टाळण्याबरोबर, बोललेलं खोटं २४ तासांच्या आत त्याच माणसाकडे जाऊन दुरुस्त करावं: "काल मी म्हणालो निघालोय, तेव्हा मी घरीच होतो." असं तीन-चारदा करताना जी लाज वाटते ती जिभेला पुढच्या वेळी आपोआप थांबवते. लोभी माणसानं ठरावीक रक्कम, पगार झाल्याच्या दिवशी, उरलेल्यातून नव्हे तर आधी, कुणाला न सांगता द्यावी. चहाडीची सवय असलेल्यानं गैरहजर माणसाविषयी बोलायचंच असेल तर त्याच्यासमोर बोलता येईल असं एक चांगलं वाक्य बोलावं, नाहीतर विषय बदलावा. कडवटपणासाठी, ज्याच्याविषयी मन जळतं त्याचं नाव घेऊन ३० दिवस त्याच्या भल्याची प्रार्थना करावी. सुरुवातीला ती प्रार्थना तोंडात खडे भरल्यासारखी वाटते, ते ठीक आहे. क्षमा म्हणजे लगेच पूर्वीसारखा विश्वास टाकणं नव्हे. हुंडीचे पैसे बुडवणाऱ्याला क्षमा करता येते आणि पुन्हा उधार न देताही राहता येतं.

खोट्या वाक्याची बदली वचनानं करायची असते. अरण्यात प्रभूला तीन मोह आले आणि तिन्ही उत्तरं त्यानं जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकातून दिली, आठव्या आणि सहाव्या अध्यायातून. प्रत्येक मोहाला त्याच मोहाचं उत्तर होतं. त्यामुळे "काहीतरी वचन" पाठ करून भागत नाही. वहीतलं खोटं वाक्य समोर ठेवा आणि त्यालाच उलटं पाडणारी दोन किंवा तीन वचनं शोधा. ती संदर्भासहित, तोंडानं, मोठ्यानं म्हणता येतील इतकी घोटा. सकाळी चहाच्या आधी पाच वेळा, रात्री पाच वेळा, असं तीन आठवडे केलं की वचन बसतं.

ती दोन मिनिटं

एवढी तयारी झाल्यावरही मोह येणार. तेव्हा जागा सोडा, उठा, माणसांत जा. तोंडानं वचन म्हणा. "प्रभू, आत्ता मदत कर" एवढी प्रार्थना पुरे; लांब प्रार्थना करायला बसलात तर ती एकांतातली बैठकच मोहाची जागा होते. मोहाशी वाद घालू नका. एदेन बागेत हव्वेनं सर्पाशी संभाषण सुरू केलं तिथंच ती अर्धी हरली. बहुतेक वेळा लाट चढते, थांबते आणि तिला खतपाणी घातलं नाही तर ओसरते. १ करिंथ १०:१३ मध्ये जो निभावण्याचा उपाय सांगितला आहे तो पुष्कळदा अगदी साधा असतो: दार, चप्पल, फोन करण्याजोगा एक नंबर.

पडल्यानंतरचा तास

दाविदानं बथशेबाच्या बाबतीतलं पाप नाथान संदेष्टा येऊन तोंडावर सांगेपर्यंत दाबून ठेवलं. तोवर मूल जन्मलं होतं, म्हणजे बरेच महिने गेले होते. ३२ व्या स्तोत्रात त्या गप्प राहण्याचा परिणाम आहे: हाडं झिजली, उन्हाळ्यातल्या कोरड्यासारखा रस आटला. म्हणून नियम असा, की त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासात देवाकडे जा. पापाचं नाव घ्या, कारणं देऊ नका. १ योहान १:९ वर भरवसा ठेवून क्षमा स्वीकारा आणि स्वीकारली म्हणून उपकार माना. मग पुढचं जेवण, पुढची प्रार्थना, पुढचं काम नेहमीसारखं करा.

इथं दोन चुका हमखास होतात. पहिली, स्वतःला दंड लावणं: दोन दिवस उपास, आठवडाभर पवित्र शास्त्र उघडायचं नाही, प्रभुभोजनाला उठून मागच्या दारानं निघून जायचं. ख्रिस्तानं भरलेला दंड आपण पुन्हा भरायला बसतो. १ करिंथच्या अकराव्या अध्यायात माणसानं स्वतःची परीक्षा करावी आणि मग ती भाकर खावी असं आहे; परीक्षा करून पळून जावं असं नाही. मनात जाणूनबुजून चालू ठेवलेलं पाप किंवा मोडलेला संबंध असेल तर मात्र आधी तो मिटवून या, वेदीजवळ दान ठेवून जाण्याविषयी प्रभूनं सांगितलं आहे तसं. दुसरी चूक म्हणजे नवस. "प्रभू, यापुढे कधीच करणार नाही, केलं तर मला शिक्षा कर." नवसाची सवय आपल्या मातीत इतकी मुरलेली आहे की ती ख्रिस्ती घरात वेगळे कपडे घालून वावरते. नवस मोडला की पापाला शपथभंगाची जोड मिळते. त्याऐवजी "उद्या साडेनऊला फोन स्वयंपाकघरात" असं छोटं, मोजता येणारं पाऊल ठरवा.

पश्चात्तापाचा खरेपणा अश्रूंवरून मोजू नका. प्रभूला धरून देणाऱ्या यहूदालाही वाईट वाटलं, प्रभूला नाकारणाऱ्या पेत्रालाही. एक मंदिरात पैसे फेकून एकटा गेला, दुसरा प्रभू किनाऱ्यावर दिसताच पाण्यात उडी टाकून त्याच्याकडे गेला. योहानाच्या शुभवर्तमानात कोळशाचा विस्तव दोनदाच येतो: ज्याच्याशेजारी पेत्रानं नाकारलं तो, आणि ज्याच्याशेजारी प्रभूनं त्याला तीनदा "माझ्यावर प्रीती करतोस काय?" असं विचारलं तो. प्रभू माणसाला त्याच जखमेच्या जागी नेऊन बरं करतो, म्हणून जखमेची जागा टाळू नका.

ज्यांचं नुकसान झालं त्यांची भरपाई करायची असते. लेवीयच्या सहाव्या अध्यायात मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा असं माप आहे. दुकानातून १०,००० रुपये काढले असतील तर १२,००० परत. एकदम जमत नसेल तर हप्ते ठरवा, पण मालकाला सांगून ठरवा. जकातदार जक्कयानं चौपट देण्याची भाषा केली. तो त्याच्या आनंदाचा उमाळा होता, प्रत्येकावर लादायचा नियम नव्हे. कबुली किती लोकांपुढे करायची? जेवढ्यांना पापाची झळ लागली तेवढ्यांपुढे. एखाद्या स्त्रीविषयी मनात वासना आली म्हणून तिला जाऊन सांगणं हे स्वतःचं मन हलकं करून तिचं जड करणं आहे. ते देवापुढे आणि आपल्या साथीदारापुढे ठेवावं.

साथीदार

याकोबाच्या पाचव्या अध्यायात एकमेकांजवळ पापं कबूल करा असं आहे आणि मराठी मंडळ्यांत हीच आज्ञा सगळ्यात कमी पाळली जाते. कारण समजण्यासारखं आहे. छोट्या मंडळीत निम्मे लोक एकमेकांचे सोयरे असतात. आज सांगितलेलं उद्या मुलीच्या लग्नात आडवं येईल अशी भीती असते. म्हणून माणूस आपल्या नात्यातला, आपला वरिष्ठ किंवा आपल्याकडून पैसे घेणारा नको. गरज पडली तर दुसऱ्या तालुक्यातला शोधा. पुरुषाला पुरुष, स्त्रीला स्त्री. निवडताना एक कसोटी लावा: तो तुमच्याजवळ दुसऱ्यांची गुपितं सांगतो का? सांगत असेल तर तुमचंही कुणाजवळ तरी सांगणार. कॅथलिकांना पापनिवेदनाचा संस्कार आहे, गोव्यात ज्याला कुमसार म्हणतात. तिथं ऐकलेलं धर्मगुरूला कुणालाही सांगता येत नाही, आणि ते गुपित हीच त्या संस्काराची मोठी सोय आहे.

आठवड्यातून एक ठरलेली वेळ, अर्धा-पाऊण तास. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीनं १७३८ च्या नाताळच्या दिवशी आपल्या छोट्या गटांसाठी नियम लिहिले, त्यातले दर बैठकीचे प्रश्न आजही चालतात: मागच्या भेटीनंतर कोणतं पाप जाणूनबुजून केलं? कोणते मोह आले? त्यांतून सुटका कशी झाली? ज्याच्याविषयी पाप आहे की नाही अशी शंका येते असं काही विचारात, बोलण्यात, वागण्यात आलं का? आणि काही लपवून ठेवावंसं वाटतं का? शेवटचा प्रश्न वगळायचा मोह दोघांनाही होतो. ऐकणाऱ्यानं दचकायचं नाही आणि "चालतं रे" असंही म्हणायचं नाही. क्षमेचं वचन वाचून दाखवायचं, पुढच्या आठवड्याचं एक पाऊल ठरवायचं, प्रार्थना करायची.

दोन बाबतीत मात्र साथीदार पुरत नाही. रोज पिणाऱ्यानं दारू एकदम तोडली तर पहिल्या काही दिवसांत फेफरं येऊ शकतं, भ्रम होऊ शकतो आणि जिवावरही बेतू शकतं. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडायची. आणि लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाला असेल तर तो मंडळीत मिटवायचा विषय नव्हे. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवरही मदत मिळते. मार खाणाऱ्या बायकोला "क्षमा कर आणि सहन कर" असं सांगणारा पाळक तिच्या नवऱ्याच्या पापाची तरतूद करत असतो.

रोजचं खाणं

वाचनाचा हिशेब सोपा आहे. नव्या कराराचे २६० अध्याय. आठवड्याला पाच वाचले तर बरोबर ५२ आठवड्यांत नवा करार एकदा पूर्ण होतो आणि आठवड्यातले दोन दिवस चुकवलेलं भरून काढायला मिळतात. वर्षात पूर्ण शास्त्र संपवण्याच्या शर्यतीत फेब्रुवारीतच लेवीयात दम तुटलेल्यांनी हे करून पाहावं. पाठांतरासाठी ११९ वं स्तोत्र धरा: आठ-आठ वचनांचे २२ भाग, आठवड्याला एक भाग, पाच महिन्यांत १७६ वचनं. उपास करायचा तर आठवड्यातून एका जेवणाचा, आणि वाचलेला वेळ प्रार्थनेला, वाचलेले पैसे गरजूला. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. आणि झोप. सात तास झोपणं ही अध्यात्माला बाधक गोष्ट समजू नका. तुमची चौदा दिवसांची वही जागरणाविषयी काय म्हणते ते बघा.

रोजच्या तपासणीसाठी जेझुइट संघाचा संस्थापक इग्नाशियस लोयोला याची एक युक्ती कामाची आहे. गोव्यात १५४२ मध्ये उतरलेला फ्रान्सिस झेवियर याच इग्नाशियसच्या पहिल्या सोबत्यांपैकी. एकच दोष निवडायचा. सकाळी उठताच त्याविरुद्ध निश्चय, दुपारच्या जेवणानंतर तपासणी, रात्रीच्या जेवणानंतर पुन्हा तपासणी. कागदावर प्रत्येक दिवसाला दोन रेघा आखायच्या, दुपारची आणि रात्रीची. जितक्या वेळा पडलो तितके ठिपके द्यायचे. मग सकाळ संध्याकाळशी, आज कालशी, हा आठवडा गेल्या आठवड्याशी ताडून बघायचा. प्रोटेस्टंटांनी ही रीत कॅथलिक म्हणून टाकून देण्याचं कारण नाही, फक्त ठिपके कमी करून देवाकडे पत वाढते असं समजू नये.

वाढ मोजताना ठिपक्यांखेरीज आणखी काही बघा. पडल्यावर देवाकडे परतायला पूर्वी आठ दिवस लागत, आता किती? साखळी पूर्वी शेवटच्या कडीवर लक्षात येई, आता कितव्या? घरातले काही बोलले का? तीन-चार महिन्यांनी स्वतःची पापं कमी न होता जास्त दिसू लागली तर घाबरू नका, खिडकी उघडल्यावर खोलीतली धूळ दिसते. एक पाप सैल झालं म्हणून कुंपण मात्र लगेच काढू नका. फोन स्वयंपाकघरातच राहू द्या. वहीचं नवं पान उघडून घरातल्यांना तोच जुना प्रश्न पुन्हा विचारा.